वीतभर खिडकी

आज रात्री सामसुनच्या या बाजूला
औषधाचं एकच दुकान उघडं, ते माझं.
उघडं म्हणजे दाराला कुलूप आणि काचेत वीतभर खिडकी.
तिच्यातून पैसे आत, औषध बाहेर.
रस्त्यापलीकडे काळा समुद्र. एवढ्या रात्री
तो नुसता ऐकू येतो.

पावणेदोनला सेव्हिलाय आली.
पायांत घरातल्या सपाता, अंगावर नवऱ्याचं जाकीट,
हातात फोन, विंचू सापडल्यावर
चिमट्यात धरून दाखवावा तसा पुढे केलेला.

"नखांवर पांढरे ठिपके आलेत. दोन.
झोपेत दात खातो. वर्गात म्हणे बाहेर बघत बसतो."
मग वाचत गेली: जस्त, लोह, बी-ट्वेल्व्ह, डी,
आणि एक आजार, ज्याचं नाव तिच्या जिभेवर चढेना
म्हणून तिनं पडदाच काचेला टेकवला.

ते नाव मला येतं. पाच वर्षं घालवली कॉलेजात अशा नावांपायी.
पण मुलगा तर घरी झोपलेला, सात वर्षांचा,
कालच सायकलवरून पडून, उठून, पुन्हा पडलेला.

त्याचं नाव कुझेय. म्हणजे उत्तर.
ती दिशा झाली.
दुसरं उत्तर ती अकरापासून शोधत होती
आणि प्रत्येकाखाली आणखी सहा प्रश्न उगवत होते,
शेवटच्याखाली विकत घ्यायचं बटण.

सेव्हिलाय हेझलनटच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी असते.
पोचट दाणा तिला न बघता कळतो,
बोटांना वजन लागतं.
मुलाला उचलून घेते तेव्हा मात्र
बोटं काहीच सांगत नाहीत, म्हणाली.

"घरी काय काय देतेस?"
जाकिटाच्या दोन खिशांतून चार बाटल्या निघाल्या.
एकीत जेलीची अस्वलं. एकीवर हसणारा मासा.
मी चष्मा लावला, बारीक अक्षरं जुळवत गेले
हॉटेलचं बिल तपासावं तशी.
ए जीवनसत्त्व तीन बाटल्यांत, तीनदा.
डी तीनदा. जस्त तर आहेच, दोनदा.
"कमी काही नाही," मी म्हणाले, "झालंय ते जास्त.
सगळ्या बंद कर. सोमवारी डॉक्टरांना दाखव, बाटल्यांसकट."

तिनं फोन खाली घेतला.
"म्हणजे मीच?"

हा प्रश्न आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.
मी घाईघाईनं ठिपक्यांवर आले.
बोट कुठे चेमटलं होतं का, दोनतीन महिन्यांपूर्वी?
ती आठवत राहिली. समुद्र दोनदा आला, गेला.
"ड्रॉवर. मामाकडे गेलो होतो तेव्हा.
फारसा रडलाही नव्हता."

मग मी हम्सीचं सांगितलं. बाजारात ढीग लागलेत,
एका बाटलीच्या पैशात तीन किलो मासळी.
"त्याला त्यांचे डोळे दिसतात."
मग डोकी काढून तळ. अंडं दे. मसुराचं सूप दे.
ती मान हलवत होती, ऐकत नव्हती.
"तरी काहीतरी द्या ना.
इतक्या रात्री आले. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

मी नेलकटर दिलं. लहान मुलांचं, हिरवं.
नखं वाढतील, ठिपके पुढे सरकतील,
एक दिवस कापून टाक.
खिडकीतून तिचा हात आत आला,
चिल्लर ठेवली, आणि जरा वेळ तिथेच राहिला.

सकाळी आठला माझी पाळी संपते.
घरी इपेक उठलेली असते, विस्कटलेल्या केसांची.
तिच्या रक्ताचा रिपोर्ट फ्रिजवर चुंबकानं लावलाय.
त्यात नाव ठेवायला जागा नाही,
मी तो तीनदा वाचलाय, आणि मला वाचता येतं.
चमचा घेते. पाच थेंब मोजते.
एखाद्या सकाळी सहावा पडतो.